सभाधीटपणाचे प्रगत शास्त्र

सभाधीटपणा, म्हणजे जमावासमोर वाणी न अडखळण्याचा गुण, सरावाने अंगी येतो असे जुने शिक्षक मानत. राजकीय सभांनी मात्र वक्ता घडवण्यापेक्षा श्रोताच बसने आणण्याची अधिक खात्रीची पद्धत रूढ केली आहे. छत्रपती संभाजीनगरात 2022 साली मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर 1 मे रोजी राज ठाकरे व 8 जून रोजी उद्धव ठाकरे बोलले, तेव्हा नळाला पाणी कित्येक दिवसांआड येत होते, तरी मैदान भरले, हे वक्तृत्वाचे यशच होय. तथापि श्रोतृसंबंधाचा, म्हणजे वक्ता व जमाव यांच्यातील जिव्हाळ्याचा, सर्वोच्च आदर्श टँकरचालकाने घालून दिला आहे: त्याला ना व्यासपीठ लागते ना ध्वनिक्षेपक, आणि त्याने नुसता हॉर्न वाजवताच अख्खी गल्ली हंडे घेऊन हजर होते. वक्तृत्ववर्गांनी त्याला अतिथी व्याख्याता म्हणून अवश्य पाचारण करावे, फक्त टाकी रिकामी होण्यापूर्वी.