काय ही भाषा! परत लावा बरं

शिव शिव शिव! राजकारण कुठल्या थराला गेलंय म्हणून हरसूलच्या बाजारात कुणालाही विचारा. तो आधी कानाला हात लावील, मग तोच हात खिशात घालून मोबाईल काढील आणि म्हणेल, "हे ऐकलंत का?" नसेल ऐकलं तर ऐकवील. ऐकलं असेल तरी ऐकवील. टपरीवर भज्यांचा एक घाणा निघेस्तोवर कोण कुणाला काय म्हणालं याच्या चार क्लिपा होतात आणि प्रत्येकीनंतर सगळं गिऱ्हाईक एका सुरात "छ्या, छ्या" करतं. त्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, सगळ्यांत जास्त संतापतात ते. क्लिपांचा साठाही त्यांच्याकडेच सगळ्यांत मोठा.

पूर्वी शिव्यांना एक मुहूर्त असायचा, शिमगा. होळीपुढे बोंब ठोकायची, पोटातलं ओठावर आणायचं, दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन कामाला लागायचं. आता शिमगा बारमाही झालाय आणि कवित्व चोवीस तास.

एप्रिल २०२३ घ्या. उद्धव ठाकरे देवेंद्र फडणवीसांना 'फडतूस' गृहमंत्री म्हणाले. फडणवीसांनी लगेच 'काडतूस' परत केलं. गुरुजींनी दोघांचा निषेध केला आणि यमकाला पैकीच्या पैकी मार्क दिले. पुढच्या वर्षी लोकसभेच्या धामधुमीत पुण्याच्या सभेत पंतप्रधान 'भटकती आत्मा' म्हणाले. नाव घेतलं नाही, पण शरद पवार सोडून दुसरं नाव कुणाच्या मनात आलं असेल तर त्यानं हात वर करावा. विधानसभेच्या प्रचारात तर लाजच सोडली. सदाभाऊ खोत पवारांच्या चेहऱ्यावर घसरले, अरविंद सावंत शायना एनसी यांना 'माल' म्हणून बसले. मग नेहमीची दिलगिरी. दिलगिरीच्या क्लिपा मात्र कुणी पुढे पाठवत नाही, हे मी बारकाईनं पाहिलंय.

आणि आपला नाशिक जिल्हा यात मागे आहे असं समजू नका हो! ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे मुख्यमंत्र्यांच्या कानाखालची भाषा बोलले, तेव्हा अटकेचा आदेश काढला तो नाशिकच्या पोलिस आयुक्तांनी. राणे कोकणात पकडले गेले आणि रात्री महाडच्या कोर्टातून जामिनावर सुटलेसुद्धा. पण दिवसभर टीव्हीवर नाशिक, नाशिक चाललं होतं. टपरीची मान उंच झाली होती, खोटं कशाला बोलू?

गुरुजींचं मत असं की शिवीचा दर्जा घसरला. बाळासाहेब ठाकऱ्यांनी पवारांना 'मैद्याचं पोतं' म्हटलं, छगन भुजबळांना 'लखोबा लोखंडे'. आता लखोबा समजायला अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' ठाऊक हवं. म्हणजे शिवी खायला नाही तरी कळायला अभ्यास लागायचा. मला विचाराल तर गुरुजी जरा जास्तच हळवे होतात, पोतं म्हणजे काही ओवी नव्हे. पण पुढची गंमत बघा. ज्यांना पोतं म्हटलं त्यांच्याच लेकीसमोर २००६ मध्ये राज्यसभेला बाळासाहेबांनी उमेदवार दिला नाही, सुप्रियाताई बिनविरोध गेल्या. वर सगळं असं सुरळीत असतं.

कायदा नाही का, असं एका पोरानं विचारलं. आहे की! १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा भ्रष्टाचारच धरलाय. आचारसंहिताही खासगी आयुष्यात डोकावू नका म्हणते. पण विधान खोटं आहे हे सिद्ध व्हायला हवं. पोतं कुठल्या प्रयोगशाळेत नेऊन तपासायचं?

बरं, निदान राष्ट्रपतिपद तरी सोवळ्यात असेल? अहो, कुठलं! १९६९ मध्ये नीलम संजीव रेड्डींविरुद्ध बिननावाचं गलिच्छ पत्रक थेट संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये फिरलं. निवडून आलेल्या व्ही. व्ही. गिरींवर सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला आणि खुद्द राष्ट्रपती साक्षीला उभे राहिले. पत्रकाशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही, अर्ज फेटाळला गेला. आणि आठ वर्षांनी राष्ट्रपती कोण? रेड्डी! तेही बिनविरोध. २००७ मध्ये आपल्या खानदेशच्या प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तर बँक काढली, साखर कारखाना काढला, अबूच्या आश्रमात कुठल्या आत्म्याशी बोलल्या तेही काढलं. समोर भैरोसिंह शेखावत. त्यांची कधीकाळची पोलिसातली नोकरीही कुणी सोडली नाही.

राष्ट्रपतीच्या या निवडणुकीत हरसूलकरांचा वाटा केवढा? आमचं मत आमदाराच्या हाती. इगतपुरीच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, आणि तेही १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेलं, म्हणजे त्यानंतर जन्मलेली अख्खी टपरी हिशेबातच नाही. मत नाही, पण चिखल मात्र घरपोच. त्यात ही निवडणूक येते जुलैत, ऐन आवणीच्या दिवसांत. माणसं चिखलणी केलेल्या खाचरात पोटरीभर रुतलेली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, कमरेला पिशवीत गुंडाळलेला मोबाईल, आणि बांधावर आलं की पहिलं काम, कोण काय म्हणालं ते बघणं. जुलै २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या तेव्हा पाड्यापाड्यावर आनंद होता, आपल्यातली बाई दिल्लीत बसली म्हणून. शपथेला आठवडा झाला नाही तोच अधीर रंजन चौधरी 'राष्ट्रपत्नी' म्हणाले. जीभ घसरली, असं त्यांनी नंतर लेखी कळवलं. बांधावरची एक मावशी म्हणाली, "आमची घसरली तर सासू आठ दिवस बोलत नव्हती."

अमेरिकेचं तर बोलूच नका. तिकडे १८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सनच्या बायकोचं आधीचं लग्न चव्हाट्यावर आणलं, ती बिचारी तो शपथ घेण्याआधीच गेली, आणि विरोधकांच्या जिभेनंच तिचा जीव घेतला असं तो जन्मभर म्हणत राहिला. आता ट्रम्प 'स्लीपी जो', 'क्रुकेड हिलरी' अशी बारशी करतात. हिलरी कोण ते माहीत नसलेल्यांनाही नाव पाठ आहे.

या सगळ्यात फसतं कोण, तर खालचा कार्यकर्ता. आमच्याच मतदारसंघात पाहा. २०१९ मध्ये काँग्रेसच्या आमदार निर्मला गावित शिवसेनेत गेल्या. त्यांना हरवून हिरामण खोसकर काँग्रेसचे आमदार झाले. २०२४ मध्ये तेच खोसकर अजित पवारांच्या राष्ट्रवादीतून निवडून आले. अशात शिवी जपून द्यावी लागते, कारण आज जो गद्दार तो उद्या आपला साहेब. नेत्यांना हे पक्कं कळतं.

पाड्यावर मात्र दोन चुलतभाऊ आहेत. त्यांनी एका प्रचारात आपापल्या साहेबांसाठी एकमेकांची आई-बहीण काढली आणि सावड मोडली. तेव्हापासून हा त्याच्या आवणीला जात नाही, तो याच्या. मग साहेब इकडचे तिकडे झाले आणि दोघांच्या दारावर एकच झेंडा लागला. गुरुजी समेट करायला गेले. मोठा म्हणाला, "पक्षाचं जाऊ द्या गुरुजी. तो मला काय म्हणाला, ते ऐकायचंय का? रेकॉर्डिंग आहे."

गुरुजींनी कानाला हात लावला आणि म्हणाले, "पाठवून दे."