कांचनमुक्तीचं केवायसी

दहशतवाद्यांच्या पैशाचा माग कसा काढायचा, याचे निकष ठरवणारी एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था पॅरिसात बसते. तिच्या 40 शिफारशी मात्र वर्ध्यातल्या बँकेच्या खिडकीपर्यंत पोचतात. सेवाग्राम-पवनारचा हा जिल्हा. दगड भिरकावला तर एखाद्या ट्रस्टच्या पाटीवरच पडायचा! एक विश्वस्त नव्वदीचा, दुसरा बाहेरगावी. तरी बँक म्हणते, दोघांचे आधार, पॅन, फोटो पुन्हा आणा. दोनशे रुपयांच्या सूतविक्रीमागे जागतिक कट नाही, याची खात्री नको व्हायला?

गंमत अशी की, सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या एफएटीएफच्याच अहवालानं भारताची पाठ थोपटली, पण खटले रेंगाळतात हे नोंदवलं आणि सेवाभावी संस्थांबाबतचे उपाय जोखीम पाहून करा, त्यांच्याशी बोला, असंही सुचवलं. म्हणजे सरसकट झोडपू नका. ती पानं बहुधा नागपूरला गाडी बदलताना राहिली.

विनोबांनी 1951 च्या सुमारास इथेच, धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात, कांचनमुक्तीचा म्हणजे पैशाविना जगण्याचा प्रयोग मांडला होता. पैसाच नाही तर माग कशाचा काढणार? आज तो आश्रम पहिल्याच फेरीत संशयास्पद ठरला असता. 'उत्पन्नाचा स्रोत' या रकान्यात 'कुदळ' लिहिलं, तर सिस्टीम घेत नाही.