मनोरीच्या बंगलेमालकांसाठी: गिऱ्हाईक मार्व्यावरूनच परत कसं पाठवावं

मनोरीच्या बंगलेमालकाला निसर्गाने खाडी दिली आहे, पण तिचा पुरता उपयोग फार थोडे करतात. इतर गावांचं गिऱ्हाईक घरबसल्या हॉटेलचं नाव गुगलवर टाकतं. आपलं गिऱ्हाईक खाडीपलीकडे मार्व्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत उभं असतं. हातात फोन, पायाशी बॅगा, करायला दुसरं काही नाही. नेमकं तेव्हाच ते बंगल्याचं नाव शोधतं. ‘नळाला पाणी नव्हतं, पैसेही परत दिले नाहीत’ अशी ओळ वर दिसली की मंडळी रिक्षा करून अक्साला किंवा मढला जातात. कुणी येणार होतं, हे आपल्याला कळतसुद्धा नाही. इतक्या बिनबोभाट नुकसान होण्याची सोय आपल्या आजोबांना नव्हती.

सुरुवात पत्त्यापासून करा. मार्व्याहून बोट आहे, ती दुचाकीही चढवून घेते, शेवटची फेरी कितीला सुटते, यातलं काहीही बंगल्याच्या माहितीत लिहू नका. मग नकाशा गाडीवाल्याला भाईंदर, उत्तन, गोराई असा फिरवून आणतो. मागच्या सीटवर पोराला उलटी झालेली, बाप तापलेला, अशा वेळी खोलीची किल्ली हातात पडायच्या आधीच एक स्टार पडतो. तो खरं तर रस्त्याचा असतो, पण जमा आपल्या खात्यावर होतो.

फोटोंचंही तेच. पावसाळा सरला की बांबूंवर बोंबील वाळत पडतात; ते फोटोतून कापून टाका. निळं पाणी, माड, झोपाळा एवढंच ठेवा. (आपलं पाणी निळं दिसायला फिल्टर लागतो, पण तो फुकट मिळतो.) बोंबील दाखवले असते तर ज्यांना वास सोसत नाही ते आलेच नसते, आणि ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं ते जेवण सांगूनच आले असते. म्हणजे तक्रार नाही आणि वर कमाई. असला धोका का पत्करावा?

आता मुख्य कला. गुगलवरचा वाईट रिव्ह्यू मालकाला पुसता येत नाही. नियमात बसत नसेल तर फार तर कळवता येतं. पण उत्तर देता येतं, आणि तिथेच खरी कर्तबगारी दिसते. उत्तर रात्री साडेअकराला, दुसऱ्या पेगनंतर लिहावं. पाहुण्याने डासांबद्दल लिहिलं असेल तर डासांचा उल्लेख टाळावा. त्याने किती बाटल्या रिचवल्या, चादरीचं काय केलं, बिलात किती घासाघीस केली, ते त्याच्या नावानिशी मांडावं. शेवटी ‘असल्या लोकांनी येऊच नये’ हे हवंच. डासांची तक्रार पुढचा पाहुणा विसरेल, डास कुठे नसतात? हे उत्तर मात्र तो घरच्या ग्रुपवर टाकेल.

याहून पुढे जायचं असेल तर न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावाचा कित्ता गिरवा. तिथल्या एका लॉजने नियम केला होता, की लग्नाच्या वऱ्हाडातल्या कुणी वाईट रिव्ह्यू लिहिला तर दर रिव्ह्यूमागे यजमानाच्या डिपॉझिटमधून 500 डॉलर कापणार. 2014 मध्ये ही बातमी फुटली आणि त्या लॉजचं तोंडही न पाहिलेल्या हजारो लोकांनी येऊन एकेक स्टार ठेवला. एकही चादर न बदलता इतकी गर्दी! मालकांनी मग तो विनोद होता असं सांगितलं. मनोरीतही हळदी, साखरपुडे, वाढदिवस होतात. नियम सहज लावता येईल.

वकिलाची नोटीस हाही राजमार्ग. गायिका बार्बरा स्ट्रायसँडने 2003 मध्ये किनाऱ्याची धूप टिपणाऱ्या छायाचित्रकारावर 5 कोटी डॉलरचा दावा लावला, कारण एका फोटोत तिचा बंगला आला होता. तोवर तो फोटो सहा जणांनी उतरवून घेतला होता, त्यातले दोन तिचेच वकील. दाव्यानंतरच्या महिन्यात चार लाखांवर लोकांनी तो पाहिला, आणि दावाही ती हरली. आपला बंगलाही किनाऱ्यावरच आहे.

खोटे रिव्ह्यू पाडताना मात्र सावध राहा. 2017 मध्ये लंडनच्या एका पत्रकाराने आपल्या बागेतली शेड बनावट रिव्ह्यूंच्या जोरावर ट्रिपअॅडव्हायझरवर शहरातलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट करून दाखवली. पण तिथे जेवायला कुणी जात नव्हतं, आपल्याकडे अधूनमधून लोक येतात. एकाच रविवारी वसईचा भाचा, त्याची बायको आणि त्याचे चार मित्र ‘ऑसम स्टे’ लिहितात, तेव्हा जेट्टीवरच्या माणसाला हसायला तेवढंच साधन. भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक काढलंय. ते ऐच्छिक आहे, तेव्हा वाचायची गरज नाही.

आणि कॅडबरीचं उदाहरण पोरांच्या कानावर जाऊ देऊ नका. 2003 च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला त्या कंपनीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं (इथवर आपल्याच वळणावर होती), पण नंतर वेष्टनच बदललं. मूळ दोष काढून टाकणं हा असा शेवटी सुचणारा उपाय आहे. तो सुरुवातीलाच केला तर खिडक्यांना जाळी, टाकीत पाणी आणि दोन ओळींची माफी यात अख्खा धंदा फुकट वाचायचा.

हार्वर्डमध्ये असताना मायकल लुका यांनी सिएटलच्या रेस्टॉरंटांचा हिशेब काढला, तेव्हा एका स्टारमागे उत्पन्नात 5 ते 9 टक्के फरक दिसला. मोठ्या साखळी हॉटेलांना मात्र काहीच फरक पडला नाही. त्यांचं नाव आधीच माहीत असतं. आपलं नाव म्हणजे नुसतं ‘मनोरी’, आणि ते सगळ्या गावात वाटलेलं. म्हणून आपला एक स्टार गल्लीतल्या ईस्ट इंडियन आंटीलाही पुरतो. ती ऑर्डरप्रमाणे फुगे आणि सोरपोतेल करते. तिचं गुगलवर पानच नाही, तिला कुणी वाईट म्हणालेलं नाही. या महिन्यात ऑर्डरी का नाहीत असं तिने विचारलं तर सांगा, सीझनच थंड आहे.