आधी रक्ताचं प्रकरण उघडा

बहारीनची राजधानी मनामा, तिथलं एक मराठी घर. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि घरात शरीरशास्त्राच्या पुस्तकावरून वाद पेटला. बाबांना 'ग्रे' हवं, कारण नाव मोठं. मुंबईहून येणारा मामा 'चौरासिया' बॅगेत टाकायला निघालेला. कुणा सीनियरने 'टॉर्टोरा' सांगितलेलं. अभ्यास करणार कोण, हे मात्र सगळे विसरलेले.

पुस्तक दिवाणखान्यात दिसायला घ्यायचं की रात्री अकरा वाजता वाचायला?

'ग्रे' थोर आहे, वादच नाही. 1858 सालचं पुस्तक. मजकूर हेन्री ग्रेचा, चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टरची. हा कार्टर त्याच साली मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवू लागला. म्हणजे हे पुस्तक थोडं आपलंही. पण आजचा मोठा 'ग्रे' दीड हजार पानांच्या वर आहे आणि तो सर्जनच्या टेबलावर शोभतो. विद्यार्थ्यांसाठीचा 'ग्रे' वेगळा निघतो. बाबांनी मुखपृष्ठ तरी नीट वाचायचं होतं.

कार्टरची एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी. त्याने धमनीचं नाव धमनीवरच लिहिलं, स्नायूचं स्नायूवर. डोळा चित्रावरून हलत नाही. आता दुकानातलं कुठलंही पुस्तक घ्या, हाताचं चित्र काढा. चित्रात आकडे आणि नावं खाली बारीक टायपात? आकडा बघा, खाली जा, नाव वाचा, परत वर या, तोवर कुठला आकडा होता तेच विसरा.

ठेवा परत.

'चौरासिया'वर एमबीबीएसच्या किती पिढ्या निघाल्या. पण त्यात शरीर भागाभागाने उलगडतं: हात, पाय, छाती, पोट. आणि फिजिऑलॉजीला दुसरं पुस्तक घ्यावंच लागतं. नर्सला हृदय कसं दिसतं आणि ते कसं चालतं, हे एका बैठकीत कळायला हवं. बीपी मोजताना ती दोन पुस्तकं उघडणार आहे का? 'रॉस अँड विल्सन'मध्ये दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, आणि इंग्रजीही सोपं.

हे इंग्रजीचं बहारीनमध्ये कुणी मनावर घेत नाही. वर्गात एकीची शाळा अरबीत झालेली, दुसरी घरी मल्याळम बोलणारी, तिसरी आपली मराठी. तिघींपुढे चार ओळींचं एक वाक्य ठेवायचं आणि नापास झाल्या की म्हणायचं, मुली वाचत नाहीत. चुकतं कोण?

आणि नव्या आवृत्तीचा आग्रह! हृदयाला कप्पे अजून चारच आहेत. पहिल्या वर्षाला मागची आवृत्ती खुशाल चालते. पैसेच नसतील तर 'ओपनस्टॅक्स'चं अख्खं पुस्तक 2013 पासून इंटरनेटवर फुकट आहे. हे पुस्तकांची यादी देणाऱ्यांनीच सांगायला नको?

माझी कसोटी एकच. आधी रक्ताचं प्रकरण उघडा. सिकलसेल किती ओळींत उरकलाय ते बघा.

बहारीनमध्ये हा आजार घरोघरी ठाऊक आहे. लग्नाआधी रक्ततपासणीचा कायदाच तिथे 2004 मध्ये झाला. गंमत नाही, ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि माणूस हाडांतल्या कळांनी तळमळतो. निरोगी पेशी 120 दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस. पुढे ऐका. बहारीनमध्ये आणि आपल्या विदर्भात हा दोष बहुतांशी एकाच जनुकीय घडणीचा आढळतो. तिचं नावच 'अरब-भारतीय' आहे. गडचिरोलीचा पेशंट आणि मुहर्रकचा पेशंट यांच्या रक्तात इतकं जवळचं नातं, आणि पुस्तक तीन ओळींत मोकळं?

मग कातडीचं पान. ऑक्सिजन कमी झाला की त्वचा निळसर होते, असं लिहून शेजारी गोरापान चेहरा. सावळ्या माणसाचा निळसरपणा चेहऱ्यावर शोधाल तर फसाल. जीभ बघा, ओठाची आतली बाजू बघा, नखांखाली बघा. वॉर्डात बहुतेक सावळेच असतील, तर ही ओळ पुस्तकात असायला नको? नसेल तर शिक्षकांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावी. त्यात कसूर नको, पेशंटचा जीव आहे.

त्या घरी शेवटी मुलीलाच बसवलं. हाती आलेल्या पुस्तकांतलं रक्ताचं प्रकरण तिने एका संध्याकाळी चाळलं, एक पुस्तक बाजूला काढलं. ते सगळ्यात पातळ निघालं. बाबा जरा हिरमुसले.

आईने मुंबईला फोन लावला. "दादा, पुस्तक राहू दे. त्या जागी भाजणी टाक."