नानांचे दोन दंड

नानांच्या भुवयांमध्ये दोन उभ्या रेघा होत्या. श्लोक संपला की पोथीत असतात ना, अगदी तशा: ॥. सहकारी बँकेच्या कर्जखात्यात ३१ वर्षं काढली, पण नानांनी तोंडाने कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. अर्जदार जामीनदाराच्या नावापर्यंत पोचला की कपाळावर ॥ उमटायचं. बिचारा चहा अर्धा टाकून उठायचा. घरीही तेच. काकूचं वाक्य निम्म्यावर आलं की ॥. अध्याय समाप्त.

निवृत्तीनंतर पुण्याच्या नातीने आजोबांचं चित्र काढून पाठवलं. चष्मा नाही, मिशा नाहीत. एक गोल आणि मधोमध ॥. नानांना ते फार लागलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “ते बोटॉक्स म्हणजे काय रे?”

म्हटलं, “विष आहे नाना. एका जंतूचं. डबाबंद अन्न बिघडलं की त्यात होतं तेच. मेंदूने पाठवलेला निरोप नसेतून स्नायूला मिळूच देत नाही.”

“म्हणजे अर्ज टेबलावरच अडवायचा!” नानांना ते एकदम पटलं. मी पुढे सांगितलं, की तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली. कॅनडात डोळ्यांसाठी ते घेणाऱ्या एका बाईंच्या आठ्याच गेल्या, आणि २००२ मध्ये अमेरिकेत आठ्यांसाठीही परवानगी आली.

“महादेवांनी गळ्यात धरलं, मी कपाळात धरतो. महाकालाच्या गावचेच ना आपण!”

पण गडी बँकेतला. आधी भाव काढणं आलं. एका पार्लरमध्ये ‘कालच फोडलेली कुपी’ अर्ध्या किमतीत मिळत होती. नाना चप्पल घालून बाहेर. “फोडलेली कुपी म्हणजे सही केलेला कोरा चेक!” शेवटी इंदूरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. नानांनी सीलबंद कुपी नोट पारखावी तशी उजेडात धरली, मुदत वाचली, बॅच नंबर डायरीत उतरवला. डॉक्टरांनी स्नायूंचा काही आजार, चालू औषधं, सगळं खोदून विचारलं, तेव्हा तर नाना खूश झाले. कुणीतरी त्यांचं केवायसी करत होतं.

“दुसऱ्या कंपनीचं स्वस्त आहे म्हणे. युनिटं तेवढीच?”

“एका कंपनीचं युनिट दुसरीला चालत नाही.”

“कळलं. रुपया आणि डॉलर.”

पाच टोचे, मिळून २० युनिटं. निघताना डॉक्टरांनी बजावलं: चार तास आडवं व्हायचं नाही, आज कपाळ चोळायचं नाही, औषध सरकलं तर पापणी लोंबेल आणि काही आठवडे तशीच राहील.

कपाळाला बोट लागू न देता उज्जैनमध्ये दिवस काढायचा! त्यातून श्रावणी सोमवार, महाकालाची सवारी. गोपाळ मंदिराशी पोचतो तोच चंदनाची वाटी घेतलेलं पोरगं आडवं आलं. “तिलक लगवा लो, बाबूजी!” ओली तीन बोटं नेमकी त्या पाच टोच्यांवर रोखलेली. नानांनी छत्री ढालीसारखी धरली आणि मागे सरकले, तर मागे दुसरं पोरगं, दुसरी वाटी. ६४ वर्षांच्या नानांना मी गल्लीत पळताना पाहिलं. पालखी आली, सारा रस्ता वाकला. ताठ उभे एकटे नाना. “पेन्शन वाढली वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

दोन आठवड्यांत ॥ पुसलं गेलं. आणि गावाची वाक्यं संपेनात. भाडेकरू रंगकामावर अर्धा तास बोलला. पुतण्याने स्कूटरसाठी पैसे मागितले, वर कारणंही सांगितली. नाना आतून आठी घालत होते, बाहेर नुसतं गुळगुळीत सौजन्य. आणि काकू? ३५ वर्षांची थकबाकी व्याजासकट वसूल करत होती. लग्नातल्या मानपानापासून सुरुवात झाली. दिवाळीपर्यंत ती १९९४ ला पोचली.

या औषधाचा अंमल तीन-चार महिन्यांचा. मार्गशीर्षात एका सकाळी नाना आरशापुढे थबकले. भुवयांमध्ये पुसट, पण ॥. चेहरा उजळला. पुन्हा टोचून घ्यायचं की नाही, या विचारात ते बराच वेळ उभे होते.

काकू चहा ठेवत म्हणाली, “घ्या की खुशाल, पैसे मी देते. माझं अजून ९५ साल व्हायचंय.”