रा. रा. रानडुक्करराव, मु. पो. आमची तूर

रा. रा. रानडुक्करराव यांसी,


पत्र खुलं लिहितो आहे, कारण आपला पत्ता हंगामागणिक बदलतो. खरिपात आपण सोयाबीनमध्ये असता, दिवाळीनंतर तुरीत, पुढे हरभऱ्यात. सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट तालुक्यातलं आमचं वावर सातबाऱ्यावर बाबांच्या नावानं होतं, आता आम्हा भावंडांच्या नावानं आहे. रात्रीचा कब्जेदार मात्र कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

तरीही आजचा विषय वावर नाही. विषय बाबांच्या बंदुकीचा आहे आणि त्या प्रकरणातले मुख्य आरोपी आपण आहात. आमच्या घराण्यात कोणी शिकारी झाला नाही, जहागीरदार तर नाहीच. आपण नसता तर ती वस्तू आमच्या घराचा उंबरा ओलांडून आत आली नसती. परवान्यावर हेतू स्वच्छ लिहिला होता : पीक संरक्षण. म्हणजे आपणच की.

बंदूक ठासणीची. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी हिचाच खास उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना आपल्या जिवाची किती काळजी होती, हे ती एकदा भरून पाहिल्याशिवाय कळत नाही. आधी नळीत दारू ओता, मग चिंधीचा बोळा घाला, गजानं ठासा, छर्रे सोडा, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं, मग घोडा ओढून टोपी बसवा. हे सगळं मचाणावर, अंधारात, टॉर्च बगलेत धरून. तोवर आपला परिवार तुरीची दोन तासं आडवी करून तिसऱ्यात शिरलेला. एक बार चुकला की सगळं पहिल्यापासून. आपण धावत सुटल्याचं मला आठवत नाही. चालत गेल्याचं आठवतं.

बाबा जागलीहून सकाळी परत यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला जळक्या दारूचा वास असायचा. आम्हा पोरांना तो सकाळच्या चहाचाच वास वाटायचा. टोप्या तंबाखूच्या डबीत आणि तंबाखू खिशात सुटी, म्हणून माय रोज कटकट करायची. बंदूक आतल्या खोलीत उंच खुंटीवर. आम्ही हात लावायचा नाही, फक्त दसऱ्याला पाहायचं. त्या दिवशी वखर, डवरे, विळे आणि बंदूक एका रांगेत. माय मात्र कुंकू आधी शिलाई मशीनला लावायची. कमाईचा क्रम तिला नीट माहीत होता.

आपल्या घराण्याशी बाबांची एकदा समोरासमोर गाठ पडली होती. चांदणी रात्र, धुऱ्यावर एक डुकरीण, मागं पट्टेरी पिल्लं. बाबांनी नेम धरला आणि बंदूक खाली घेतली. ही हकीकत त्यांनी पुढं कितीदा सांगितली! शेवट ठरलेला : "लेकुरवाळी होती रे, कायले मारा?" पंगतीत सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे. मी शाळेत यावर निबंध लिहून शाबासकीही मिळवली. बाबांची तेरवी झाल्यावर तीच गोष्ट निघाली तेव्हा माय भांडी आवरता आवरता म्हणाली, "कायची लेकुरवाळी! टोपी ओली झाली होती. घोडा पडला अन् फुस्स झालं." दोघांपैकी खरं कोण, हे सांगणारा तिसरा साक्षीदार आपल्याच कुळातला आहे. कधी जबानी देणार?

आपलं अभिनंदन करायचं राहून गेलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात आपण तिसऱ्या अनुसूचीत होता. 2022 च्या दुरुस्तीनं सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि आपल्याला दुसरीत बसवलं. घरबसल्या बढती! उभ्या पिकाला धोका असेल तर मारण्याची परवानगी देता येते, असंही कायद्यात आहे. पण ती वन खात्यानं द्यायची. म्हणजे बाबांची बंदूक पिकासाठी घरात राहू शकत होती, पिकासाठी वाजवायची तर दुसऱ्या दारी अर्ज. आपल्यावरून तर दिल्लीतही वाजलं. बिहारनं रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडानं रानडुक्कर उपद्रवी ठरवून घेतले, तेव्हा जून 2016 मध्ये मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. त्या भांडणात आपल्या चंद्रपूरच्या भाऊबंदांचंही नाव निघालं. आमच्या तुरीसाठी दोन मंत्री भांडल्याचं ऐकिवात नाही.

आणि निवडणुका! आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करा, असा निरोप यायचा. विधानसभेचं मतदान पाहा : 2014 ला 15 ऑक्टोबर, 2019 ला 21 ऑक्टोबर. सोयाबीन सोंगणीला आलेलं, तुरीला फूल धरायला लागलेलं, आणि लोकशाहीला धोका कोणापासून, तर बाबांच्या ठासणीपासून. आपले सुळे जमा करून घ्यायला ठाणेदार आल्याचं आठवत नाही. 2024 ला मतदान 20 नोव्हेंबरला झालं, तेव्हा बाबा नव्हते आणि बंदूक जमा करायचा प्रश्नही नव्हता. ती आधीच मालखान्यात होती, कागदाची चिठ्ठी गळ्यात बांधून.

परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, जमा करावी लागते. मग वारसानं स्वतःच्या नावानं परवाना मागायचा. 2016 च्या नियमांत सोय अशी आहे की परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्यानं शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावानं करता येतं. बाबा दोन्ही अटींत बसत होते. पण आमच्याकडे जित्या माणसापुढे वारसाचा विषय काढला तर जेवणाचं ताट बाजूला सरतं.

तर आता मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, डॉक्टरचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चौकशी अहवाल. शिवाय मी राहतो अमरावतीत आणि तूर उभी आहे अकोला जिल्ह्यात. अमरावती शहराला पोलीस आयुक्त आहेत, गावाकडचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांकडे. एका टेबलावर मला विचारलं गेलं, "तुम्ही शहरात राहता, मग तुमचं पीक कोणतं?" मी सांगितलं, तूर. साहेबांनी नोंद घेतली. त्यापुढे काय झालं ते नोंदीलाच माहीत.

आपला वारसा कसा चालतो, डुक्करराव? आपल्यात कळपाचा कारभार बाया पाहतात, नर वयात आला की वेगळा निघतो. तरी आमच्या वावराची वाट पिढीजात प्रत्येकाला पाठ. ना दाखला, ना मुद्रांक, ना आयुक्त. आपल्या आजोबांनी जिथं माझ्या आजोबांची ज्वारी लोळवली, तिथंच आपण माझा हरभरा उकरता. ज्वारी तर आता आम्ही पेरतच नाही. तिच्या राखणीत जीव जायचा, त्यात आपला वाटा होता आणि पाखरांचाही.

अशी बिनपरवान्याची वारसदारी आमच्याही मुलखात एकदा झाली म्हणा. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावला आणि 15 डिसेंबरला गाविलगडावर इंग्रजांच्या वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या तोफा घेतल्या. मागं कोणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही. नरनाळ्यावरची नऊगजी तोफ अजून गडावरच आहे. मी तिथं गेलो की तिचा हेतू काय लिहावा याचा विचार करतो. पीक संरक्षण लिहायला हरकत नसावी. आपण त्याच डोंगरातून उतरता.

पुण्याच्या भावानं प्रतिज्ञापत्राचा कागद सही करून पाठवला, सोबत एक ओळ : "विकून टाक." ठासणीच्या बंदुकीला गिऱ्हाईक कोण, हे त्यानं लिहिलं नाही. ताईकडे मूर्तिजापूरला गेलो तर तिनं सही केली आणि म्हणाली, "बंदूक तूच ठेव. मले बाबाचा टार्च पाह्यजे." तीन सेलचा, काच तडकलेला. मी देऊन टाकला. परत येताना एसटीत लक्षात आलं की खरं हत्यार ती घेऊन गेली. बाबांनी बंदुकीनं आपल्यातला एकही पाडल्याचं कोणी सांगत नाही. टॉर्च आणि आरोळी यांनी मात्र आपल्याला कितीदा धुऱ्यापार केलं.

आता मचाण नाही. धुऱ्यावर जुन्या साड्या बांधल्या आहेत, सौरऊर्जेचं झटका मशीन बसवलं आहे, रात्रभर कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज लावणारा भोंगा आहे. शेजाऱ्याचा भोंगा आणि माझा भोंगा एकमेकांवर भुंकतात आणि मधल्या पट्ट्यात आपण शांतपणे जेवता. कोणी तारेत थेट वीज सोडतो. त्यात आपल्याआधी एखादा सालदारच मरतो. तो मार्ग माझा नाही, निश्चिंत असा.

मग ती बंदूक हवी कशाला, असं आपण विचाराल. टेबलावरच्या साहेबांनीही विचारलं. अर्जात लिहायला रकाना आहे आणि त्यात 'बाबांची होती' हे कारण बसत नाही. म्हणून मी पुन्हा आपलंच नाव लिहिलं आहे. गैरसमज नसावा. परवाना मिळाला तरी ती खुंटीवरच जाईल, दसऱ्याला उतरेल. टोप्यांची डबी मायनं जपून ठेवली आहे, तंबाखूसकट.

अर्ज पुढं सरकायला संबंधितांची हरकत नाही, एवढं लागतं. भाऊ झाला, ताई झाली, माय झाली. त्या बंदुकीच्या नळीपुढे सगळ्यांत जास्त रात्री काढलेली व्यक्ती तेवढी उरली. तेव्हा हे पत्र मिळताच आपली हरकत असल्यास लेखी कळवावी; नसल्यास सोबतच्या कोऱ्या कागदावर अंगठ्याच्या जागी सुळा उमटवून कागद धुऱ्यावर ठेवावा. हरभरा त्या बाजूला नाही, उलट्या बाजूला आहे, हे आपल्याला सांगायला नकोच.

कळावे,
आपला,
अर्जदार (प्रकरण प्रलंबित)