अंबाड्याला जागा ठेवा

डोक्याला लावायचा हेडसेट घ्यावा तर कुठला, यावर आमच्या घरात दिवाळीपासून चर्चा चालू आहे. भाचा हिंजवडीत नोकरीला असल्यामुळे या विषयातला अधिकार त्याच्याकडे. त्याचं म्हणणं, "मामा, सोपं आहे. व्हीआर म्हणजे तुम्ही पार दुसऱ्या जगात, घर दिसणारच नाही. एमआर म्हणजे तुम्ही घरातच, फक्त घरात नसलेल्या गोष्टीही दिसणार." हे दुसरं मी रोज सकाळी पेपर समोर धरून फुकटात करतो, असं सौ.नं लगेच त्याच्या कानावर घातलं.

तसं पाहिलं तर नाशिककराला या विषयात कुणी शिकवू नये. दादासाहेब फाळके १८७० साली इथेच त्र्यंबकला जन्मले. सिनेमाच्या आधी ते जादूचे प्रयोग करत, तेही 'प्रोफेसर केल्फा' या नावानं. फाळके उलटे वाचा. नसलेलं दाखवायचं आणि दाखवणाऱ्यानं स्वतः ओळखू यायचं नाही, हे या धंद्याचं सूत्र त्यांना तेव्हाच कळलं होतं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी सिनेमे बघून बघून आणि अभ्यास करून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. म्हणजे 'स्क्रीन टाइम'चा बहुधा पहिला भारतीय रुग्णही आमच्याच जिल्ह्यातला.

तर भाच्यानं मित्राचा क्वेस्ट ३ हा हेडसेट उसना आणला. वजन ५१५ ग्रॅम. अर्धा किलो द्राक्षं नाकावर तोलून धरल्यासारखं वाटतं, फक्त खाता येत नाहीत. कंपनी म्हणते, खेळायला दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा हवी. आमच्या हॉलमध्ये दिवाण, शोकेस, टीपॉय आणि फराळाचे डबे वजा जाता जी जागा उरली तिची हद्द भाच्यानं हातातल्या कंट्रोलरनं आखली. ती इतकी वाकडी आली की मोजणीला आलेला भूकरमापकसुद्धा रजेवर गेला असता.

पहिला मान माझा. व्हीआरमधला पाळणा डोंगरावरून सुटला आणि पोटात कालवलं. भाच्यानं कारण सांगितलं: डोळे म्हणतात आपण पळतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण बसलोय, आणि मेंदू गोंधळतो. सप्तशृंग गडाच्या घाटात एसटीत पेपर वाचताना याच्या नेमकं उलटं होतं: कान म्हणतात वळण, डोळे म्हणतात अग्रलेख. परिणाम एकच. तिथे निदान लिंबू विकायला कुणीतरी असतं.

मग आई. खरी परीक्षा इथे झाली. हेडसेटचा पट्टा ज्यानं बनवला त्यानं जन्मात अंबाडा पाहिलेला नाही. पट्टा अंबाड्याच्या वर घेतला तर यंत्र नाकावर घसरतं, खाली घेतला तर कपाळावर चढतं. चष्मा आत राहू द्यायला वेगळी खटपट. शिवाय कडेच्या मऊ गादीला खोबरेल लागलं. मित्राचा आहे, मित्राचा आहे, म्हणून भाचा टिपकागदानं ती गादी टिपत राहिला. शेवटी आईनं अंबाडा सोडून वेणी घातली आणि कामाला सुरुवात झाली.

तिला त्यानं एमआर दाखवलं. म्हणजे बाहेरच्या कॅमेऱ्यांतून हॉल जसाच्या तसा दिसत होता, आणि त्यातल्या एका खेळात छप्पर फोडून एक यान खाली उतरतं, भिंती ढासळतात, भोकांतून गुबगुबीत प्राणी येतात. आई जागची हलली नाही. म्हणाली, "अरे, आत्ताच रंग दिला होता!" मग वर बघत, "वरच्या जोश्यांना सांगा आधी, त्यांचं पाणी गळेल." प्राण्यांकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. माझं मत तिथेच पक्कं झालं: गृहस्थाश्रमात व्हीआर चालायचं नाही. घर सोडून जाण्याची मुभा आम्हाला जिथे प्रत्यक्षात नाही, तिथे आभासात कोण देणार?

ॲपलचा व्हिजन प्रो आम्ही विचारातही घेतला नाही. ३,४९९ डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या घरात, आणि बॅटरी वेगळी खिशात वागवायची. पायजम्याच्या खिशात ३५० ग्रॅमची बॅटरी ठेवली तर दुसऱ्या जगात जाण्याआधी पायजमाच जाईल. मायक्रोसॉफ्टनं तर विंडोज मिक्स्ड रिॲलिटी २०२४ मध्ये नव्या विंडोजमधून काढूनच टाकली. ज्यांनी त्या भरवशावर हेडसेट घेतले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाती भारी पेपरवेट उरले.

अखेर मी रमेश रासकरांचं नाव काढलं. हे संशोधक मूळचे नाशिकचे, पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत गेले. २००१ च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ताजमहालाची पांढरी प्रतिकृती टेबलावर ठेवली आणि तिच्यावर प्रोजेक्टरनं असा प्रकाश टाकला की दगड, नक्षी, सावल्या सगळं तिच्यावर उमटलं. कुणी डोक्याला काही बांधायचं नाही, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदमच दिसतं. मला हे फार पटतं. एकट्यानं ताजमहाल बघून करायचं काय? नावं ठेवायला शेजारी कुणी नको?

"पण मामा, त्याला कोरी जागा लागते," भाचा म्हणाला. आम्ही सगळ्यांनी भिंतींकडे पाहिलं. कालनिर्णय, आजोबा, पणजोबा, गणपती, बंद पडलेलं घड्याळ, शोकेस.

"शोकेस हलवा," आई वेणीचा पुन्हा अंबाडा घालत म्हणाली, "पण आतला चिनी मातीचा सेट आधी काढा. आणि पणजोबांना हात लावू नका, त्यांच्यामागे ओल आहे."